सहाशे चौदा नंबरचा फोटो

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. जिन, साया, करणी, नजर यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. दापोलीकडच्या आमच्या गावात लहानपणी कुणाला ताप आला की बायका मिरच्या ओवाळायच्या आणि मी त्यांच्याशी भांडायचे. अम्मी म्हणायची, "रेहाना, तुझ्या तोंडाला लागायला जिनसुद्धा येणार नाय." ती भांडायची सवय पुढे नोकरीत कामाला आली. गेली अठरा वर्षं मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका पॅकेजिंग फॅक्टरीत क्वालिटी बघते. डब्यावरचा बॅच नंबर, तारीख, वेळ... हे तिन्ही जुळलं नाही तर माल गेटबाहेर जात नाही. प्रॉडक्शनवाले माझ्यामागे मला 'स्टॉप मॅडम' म्हणतात. मला माहीत आहे, आणि मला ते आवडतं.

तर अशा बाईच्या कॅमेऱ्यात एक फोटो आलाय, जो तिनं काढलेला नाही. वर्ष होत आलं. मी अजून दर दोन-चार दिवसांनी तो उघडून बघते, नंबर मोजते, बंद करते, पुन्हा उघडते. नवरा म्हणतो, लिहून तरी टाक एकदा. म्हणून या कॉलमला लिहितेय. जर्मनीतल्या दोन्ही गावांची नावं बदलली आहेत, बाकी सगळं जसंच्या तसं.

माझे अब्बा आता एक्क्याऐंशी वर्षांचे. अम्मी गेल्यापासून ते आमच्याकडेच, फॅक्टरीपासून पाच मिनिटांवरच्या फ्लॅटमध्ये असतात. बाल्कनीत बसून स्टाफच्या बसेस मोजणं हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. तरुणपणी ते अबूधाबीला एका अरब घरात कुक होते. घरातल्या म्हाताऱ्या मालकिणीचे गुडघे धरलेले असायचे. डॉक्टरनं सांगितलं, जर्मनीत गरम पाण्याच्या झऱ्यांची गावं आहेत, तिथं दोन महिने राहा, त्या पाण्यात बसा, ते पाणी प्या. मग दर उन्हाळ्यात सगळं घर तिकडे जायचं. मालकिणीला तिकडचं जेवण चालायचं नाही म्हणून अब्बाही जायचे. आणि सोबत उस्मानचाचा. आमच्याच गावचे, अब्बांचे जिगरी दोस्त, त्या घरातले ड्रायव्हर. जर्मनीत गाडीचं काम नसायचं, तिथं ते मालकिणीची व्हीलचेअर ढकलायचे.

चौथ्या उन्हाळ्यात उस्मानचाचा तिथंच गेले. पाणी प्यायच्या हॉलबाहेर बागेत बाकावर बसले, ते उठलेच नाहीत. हार्ट. मय्यत गावी पाठवणं काही एका कुकच्या हातात नव्हतं. अब्बांनी स्वतः मय्यतीला आंघोळ घातली, गुस्ल दिलं. गावात दोन तुर्की कामगार सापडले, त्या तिघांनी जनाज्याची नमाज पढली आणि तिथल्याच कबरस्तानात, भिंतीच्या कोपऱ्यात, चाचांना दफन केलं.

अब्बा सुट्टीवर गावी आले तेव्हा चाचांची बायको जैबूनखाला ओसरीवर येऊन बसली. रडून झालं, सगळं ऐकून झालं, मग तिनं विचारलं, "कबरीचा फोटो आणलास?" अब्बांकडे कॅमेरा कुठला... म्हणाले, पुढल्या साली आणतो, इन्शाल्ला. पुढल्या सालाच्या आत मालकीणच वारली. खलास. त्यानंतर अब्बा जर्मनीला कधीच गेले नाहीत.

गावाला तोंड असतंच. दोन-तीन वर्षांत कुणीतरी उठवलं की उस्मान मेला-बिला काही नाय, गोरी मेम करून राहिलाय तिकडं, आणि हा दोस्त त्याला झाकतोय. मय्यत कुणी बघितली नव्हती, कागद सगळे मालकाकडे राहिलेले. खालानं विधवेच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस पाळले, दुसरं लग्न केलं नाही, पण लग्नाकार्यात तिच्याकडे बघून बायका कुजबुजायच्या, ही विधवा की टाकलेली. मी हे माझ्या कानांनी ऐकलंय. अब्बा सुट्टीवर आले की ती एकदा तरी यायची. "फोटो आणलास?" रागानं नाही हो, साधंच विचारायची. चाळीस वर्षं झाली. आता ती अंथरुणाला खिळलीय, आणि गेल्या वर्षी पुतण्या मुनाफच्या फोनवरून तिनं पुन्हा तेच विचारलं. फोन ठेवल्यावर अब्बा दोन दिवस नीट जेवले नाहीत.

नेमकं त्याच वर्षी कंपनीनं मला जर्मनीतल्या पॅकेजिंग फेअरला पाठवायचं ठरवलं. अब्बांना गावाचं नाव धड आठवत नव्हतं. पण मालकिणीनं दिलेला एक काचेचा ग्लास त्यांनी जपून ठेवला होता. किती पाणी प्यायचं ते कळावं म्हणून त्याच्यावर रेघा आहेत. अम्मी त्यानं तांदूळ मापायची. बुडाला अक्षरं होती, झिजलेली. माझ्या मुलीनं, आयेशानं, त्याच्यावर फोनचा टॉर्च मारला आणि पाच मिनिटांत नकाशावर गाव काढून दिलं. "सिंपल, नानू," म्हणाली. त्या गावाला मी इथं एशेनब्रुन म्हणते.

अब्बांनी मला तो रस्ता दहा वेळा सांगितला. पिवळी लांब इमारत, समोर बाग, बागेच्या मागल्या फाटकातून चढण, वर कबरस्तान, डावीकडे भिंतीचा कोपरा. मी माझा मोठा कॅमेरा घेतला. आमचा एक फोटोवॉक ग्रुप आहे, शनिवारी सकाळी ऊन चढायच्या आत दुबई मरीनाला जमतो, तिथं मला हा नाद लागला. कार्ड नवं घेतलं. आणि सवयीप्रमाणे एक डायरी. प्रत्येक जागा झाली की कॅमेऱ्यातला शेवटचा नंबर त्यात लिहायचा, म्हणजे नंतर गोंधळ होत नाही. ग्रुपमधले हसतात. हसू देत.

फेअर शुक्रवारी संपला. शनिवार मोकळा, रविवारी पहाटे फ्लाइट. एशेनब्रुन ट्रेननं चार तास. सकाळी साडेसहाला स्टेशनवर पोचले तर बोर्डावर माझ्या ट्रेनसमोर 'रद्द'. काउंटरवरच्या बाईनं शांतपणे सांगितलं की पुढची गाडी मला संध्याकाळी पोचवेल आणि मग परतायला काही मिळणार नाही.

मी अब्बांना फोन लावला. खरं सांगायलाच लावला होता, शपथ. पण व्हिडिओवर अब्बा दिसले... इस्त्रीचा सदरा, टोपी, दाढी विंचरलेली. फजरच्या नमाजापासून तयार होऊन बसले होते. जायची मी होते आणि तयार ते झाले होते.

"बसलीस गाडीत?"

"हां अब्बा, बसतेय."

झालं. तोंडातून निघून गेलं.

फोन ठेवला आणि मला स्वतःचाच राग आला, आणि राग आला की मला एका जागी उभं राहवत नाही. प्लॅटफॉर्मवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घातल्या. तिसऱ्या फेरीला भिंतीवर एक पोस्टर दिसलं. पिवळी लांब इमारत, खांब, कारंजं, बाग. लिंडनाउ नावाचं दुसरंच एक झऱ्यांचं गाव, तिथून पस्तीस मिनिटांवर. माझ्या डोक्यात आलं, ही गावं सगळी सारखीच असणार. चाळीस वर्षं झालीत, अब्बांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालीत. कबरस्तान तिथंही असेल. कुणाला कळतंय.

हो, मी हे केलं. ज्या बाईनं एक आकडा चुकला म्हणून अख्खा कंटेनर परत बोलावलाय, तिनं हे केलं.

लिंडनाउ सुंदर आहे, ते नाकारून चालणार नाही. सप्टेंबरअखेरीचं गार, ओलसर ऊन होतं. चेस्टनटच्या झाडांखाली तपकिरी चकचकीत बिया पडल्या होत्या, बुटाखाली येऊन कडकड वाजायच्या. पाणी प्यायच्या हॉलमध्ये संगमरवरी टेबलावर पितळी नळ, आणि म्हातारी माणसं ग्लास हातात घेऊन एकेक घोट पीत, पावलं मोजत चाललेली. मीही प्यायले. कोमट, खारट, वर लोखंडाची चव. एक घोट घेतला आणि बाकीचं हळूच कुंडीत ओतलं. बागेच्या टोकाला काटक्या रचून केलेली एक दोन मजली उंच भिंत होती. वरून खारं पाणी त्या काटक्यांवर झिरपत होतं आणि लोक तिच्याजवळ बाकांवर बसून तो वास छातीत भरून घेत होते. मला तर एकदम खाडीवर उभं असल्यासारखं वाटलं, भरतीच्या वेळेचा वास. इतकी माणसं होती आणि कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

मी फोटो काढत सुटले. इमारत, खांब, नळ, ग्लास, टोप्या घातलेल्या म्हाताऱ्या, रिकामे बाक. प्रत्येक जागेनंतर डायरीत नंबर. हात चालू होता, मन जाग्यावर नव्हतं. एकही फोटो मी दुसऱ्यांदा बघितला नाही.

दुपारी विचारत विचारत कबरस्तानात गेले. तिथंही एका कोपऱ्यात सात-आठ मुसलमान कबरी निघाल्या, चंद्रकोर कोरलेले दगड, मागे दाट झाडी. कोपरा होता, भिंत नव्हती. मी त्यातली सगळ्यात जुनी, शेवाळलेली कबर निवडली आणि मागच्या बाजूनं, नाव दिसणार नाही अशा बेतानं तीन फोटो काढले. सहाशे अकरा, सहाशे बारा, सहाशे तेरा. ज्या माणसाची ती कबर होती त्याचं नाव मी आजतागायत वाचलेलं नाही. मला लाज वाटत होती.

लाज वाटली म्हणूनच असेल... मी लेन्सवर कॅप लावली, कॅमेरा गळ्यात सोडला, ओढणी डोक्यावर घेतली आणि दोन्ही हात वर करून फातिहा पढली. मग तीन वेळा कुल हुवल्लाह. उस्मानचाचांचं नाव घेऊन, त्यांच्या बापाचं नाव घेऊन. म्हटलं, चाचा, जिथं असाल तिथं पोचू दे, आणि मला माफ करा. तिथं कुणी नव्हतं. वारं नाही, थंडी वाजली नाही, पाठीमागे पावलं वाजली नाहीत. तसलं काहीही झालं नाही, हे मी मुद्दाम सांगतेय. हात तोंडावरून फिरवले, डायरीत 'कबरस्तान ६११ ते ६१३' लिहिलं, आणि फाटकाशी येऊन कॅप काढून फाटकाचे फोटो घेतले. डायरीत लिहिलं, 'फाटक ६१४ पासून'. अक्षर माझंच आहे, निळ्या पेनानं.

दुबईला आल्यावर मी आठवडाभर टाळत राहिले. अब्बा रोज विचारायचे आणि मी रोज काहीतरी सांगायचे. मोठ्या स्क्रीनवर बघू, केबल मिळत नाही, आज ऑडिट आहे. आयेशाला मी खरं सांगितलं होतं. ती सोळा वर्षांची आहे, तिला सगळं सोपं वाटतं.

"ममा, जस्ट टेल हिम. ही विल अंडरस्टँड."

"त्यांना समजेल गं. खालाला कोण समजावणार?"

"बट धिस इज वर्स," ती म्हणाली. तिचं बरोबर होतं, म्हणून मी तिला भांडी लावायला पाठवली.

शेवटी शनिवारी सकाळी नाश्त्यानंतर लॅपटॉप टीव्हीला जोडला. अब्बा सोफ्यावर, चष्मा पुसून तयार. आयेशा त्यांच्या पायाशी. मी पहिला फोटो लावला.

"हां..." अब्बा पुढे झुकले. "असंच. पण खांब गोल हुते."

"रिनोव्हेशन केलंय अब्बा. चाळीस वर्षं झाली."

"हां. आसंल."

आयेशानं माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही. नळ, ग्लास, बाग... अब्बा प्रत्येकाला मान हलवत होते. काटक्यांची भिंत आली तेव्हा म्हणाले, "ही नवी केली वाटतं." मला घाम फुटला होता, एसी असून. भराभर बटण दाबत मी कबरस्तानाशी आले. सहाशे अकरा.

अब्बांनी चष्मा काढून पुन्हा लावला. मग हळू म्हणाले, "हे नाय, रेहाना."

सहाशे बारा. "हे पण नाय. हा दुसरा कोण बिचारा."

सहाशे तेरा आला. मी तोंड उघडलं, आता सांगूनच टाकते म्हणून. आणि बोलता बोलता बोट सवयीनं पुन्हा बटणावर पडलं. पुढचा फोटो आला. पुढे फाटक यायला हवं होतं.

फाटक आलं नाही. एक बुटका करडा दगड आला, अगदी समोरून, अगदी जवळून. मागे विटांची भिंत, भिंतीत एक गंजलेली लोखंडी कडी. दगडावर इंग्रजी अक्षरांत USMAN, एवढंच. आणि दगडाखाली सिमेंटचा ओटा, त्याच्यावर चेस्टनटची दोन ओली पानं, आणि पानांच्या शेजारी ओबडधोबड अक्षरांत काहीतरी ओढलेलं.

आयेशा उठून टीव्हीजवळ गेली. तिला देवनागरी सावकाश वाचता येतं. "वेट... दॅट्स मराठी," ती म्हणाली. आणि एकेक अक्षर लावत वाचलं. "जै... बून... चा... उस्मान."

मी सोफ्याच्या हातावर बसले.

अब्बा रडत होते. अम्मी गेली तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. रडत रडतच म्हणाले, "मीच लिवलं हुतं. भाजीच्या चमच्याच्या दांड्यानं. मालकाच्या माणसानं नुसतं नाव टाकलं. आपल्या गावात तीन उस्मान, नुसत्या नावानं कोण वळखणार? सिमेंट ओलं हुतं. म्हून तिचं नाव टाकलं."

"हे तुम्ही कधी बोलला नाहीत अब्बा."

"कसा बोलणार? दुसऱ्याच्या बायकोचं नाव मी कबरीवर लिवलं. लोकांनी त्याचंपण काय केलं असतं... अल्लाला माहीत. तुझ्या अम्मीला नाय सांगितलं. जैबूनला तर नायच नाय."

मग डोळे पुसून म्हणाले, "मुनाफला धाड. आत्ता. यल्ला." मी धाडला. दुसरं काय करणार होते? त्यांच्या हातात चाळीस वर्षांनी ती गोष्ट आली होती आणि मी कुठल्या तोंडानं म्हणणार होते की थांबा, माझा नंबर जुळत नाही.

पण नंबर जुळत नव्हताच. स्वयंपाकघरात जाऊन मी डायरी उघडली. फाटक ६१४ पासून. लॅपटॉपवर फाटक ६१५ पासून. तिथून पुढचे सगळे नंबर एकेकानं सरकलेले, अगदी संध्याकाळच्या प्लॅटफॉर्मपर्यंत. वेळ बघितली. ६१३ नंतर चार मिनिटांनी ६१४, आणि त्यानंतर पाच मिनिटांनी ६१५. म्हणजे ज्या वेळी ६१४ निघाला त्या वेळी माझे दोन्ही हात वर होते आणि लेन्सवर कॅप होती.

तुम्ही आता जे म्हणाल ते सगळं मी स्वतःला म्हणून झालंय. कार्डावर कुणाचा जुना फोटो असेल? कार्ड कोरं होतं, सील मी फोडलं. एआयनं बनवला? ते शब्द जगात एकट्या अब्बांना माहीत होते, आणि अब्बांना टीव्हीचा रिमोट धड चालवता येत नाही. आमच्या ग्रुपमध्ये कुलकर्णी म्हणून पुण्याचे एक आयटीवाले आहेत, मरीनाला भेटल्यावर त्यांना मी कार्ड दिलं, गोष्ट न सांगता. त्यांनी आठवडाभर ठेवून परत केलं. "मॅडम, तुमच्याच कॅमेऱ्याचा, तुमच्याच लेन्सचा आहे. फाइलमध्ये काहीही गडबड नाही. का हो, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, ऑफिसचं काम होतं.

मग मी एशेनब्रुनच्या नगरपालिकेला ईमेल करायचं ठरवलं. आमच्या मशीन सप्लायरच्या ऑफिसात कार्ला नावाची मुलगी आहे, तिनं जर्मनमध्ये लिहून दिलं. मी स्वतःची समजूत घातली होती ती अशी: फोटो कसाही आलेला असो, कबर तर तिथं आहे. पुढच्या वर्षी जाईन, नीट फोटो काढीन, खोटं खरं करून टाकीन.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. हो, त्या नावाच्या माणसाची नोंद आहे, प्लॉट नंबर अमुक. पण तिकडे कबर कायमची नसते. ठरावीक वर्षांची मुदत असते, आणि ती वाढवायला घरचं कुणी आलं नाही तर दगड काढून टाकतात. हे आपल्यातल्या कुणाला माहीत असणार? अब्बांना वाटत होतं, दगड रोवला म्हणजे कयामतपर्यंत राहिला. पत्रं आली असतील तर मालकाच्या पत्त्यावर, आणि मालकीण तर कधीच गेलेली. एकोणीस वर्षांपूर्वी तो दगड काढला. आता तिथं गवत आहे, दर आठवड्याला कापतो, असं लिहून त्यांनी सोबत एक फोटो जोडला होता. हिरवळ, चेस्टनटचं झाड, मागे विटांची भिंत. भिंतीत गंजलेली लोखंडी कडी.

म्हणजे ६१४ मधली जागा आहे. त्यातला दगड नाही. एकोणीस वर्षांपासून नाही... आणि फोटोतली पानं ओली आहेत.

आमच्याकडे मालात काही चुकलं की एक फॉर्म भरतात. काय चुकलं, कुठे, किती वाजता, कुणी पाहिलं. शेवटचा रकाना मूळ कारणाचा, आणि तो भरल्याशिवाय फॉर्म बंद होत नाही. मी वेड्यासारखा एक फॉर्म याचाही भरला, माझ्यापुरता. कार्ड पाकिटात घालून त्याला लावून ठेवलंय, ऑफिसच्या कपाटात, जिथं आम्ही प्रत्येक बॅचचा एकेक डबा राखून ठेवतो तिथं. शेवटचा रकाना सोडून सगळा भरलाय.

त्यानंतर एका शुक्रवारी, जुम्याच्या नमाजानंतर, मुनाफचा व्हिडिओ कॉल आला. त्यानं फोटो दापोलीला नेऊन मोठा करून लॅमिनेट करून आणला होता. खाला उशीला टेकून बसली होती, फोटो छातीशी धरून.

"माझं नाव हाय गो त्याच्यावर," ती मला म्हणाली. चौथीपर्यंत शिकलीय ती, वाचता येतं. "शेजारणींना बोलीवलं. एकेकीला वाचायला लावलं, मोठ्यानं. जी लय बोलायची ना, तिला दोनदा."

मुनाफ मागून हसला. खाला हसली नाही. तिनं फोटोवरून बोट फिरवलं.

"कबर नीट हाय ना पोरी? कोण बघतं?"

अब्बा माझ्या शेजारीच बसले होते. ईमेलचं मी त्यांना सांगितलं नव्हतं, अजूनही नाही. मी म्हटलं, "गवत आहे खाला, हिरवंगार. दर हप्त्याला कापतात. वर झाड आहे, सावली असते."

"आणि तू फातिहा पढलीस?"

"पढले खाला. चाचांचं नाव घेऊन पढले."

"मग पोचली त्याला," ती म्हणाली आणि डोळे मिटले. मुनाफनं फोन काढून घेतला.

मी तिला दिलेली ही दोन उत्तरं अक्षरशः खरी होती, आणि तरी मला धड बसवेना. उठले, बाल्कनीचं दार उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. अब्बा माझ्याकडे बघत होते.

"तू गेलीच नव्हतीस तिथं," ते म्हणाले.

मी दार तसंच सोडून आत वळले.

"पहिल्याच फोटूत कळलं. खांब गोल हुते. मी रोज चार वेळा त्यांच्यामधनं ट्रे घेऊन जायचो, मला नाय कळणार?"

"मग तेव्हाच का नाही बोललात, अब्बा?"

"बोलणारच हुतो. तेवढ्यात तो आला." त्यांनी टीव्हीकडे हात केला. टीव्ही बंद होता. "आता कसा आणलास ते मी नाय विचारत. तिला चाळीस वर्षं नाय म्हणत आलो, आता हां म्हटलं. तू आणलास."

मग म्हणाले, चहा टाक. मी चहा टाकला. फॉर्म अजून उघडाच आहे. मी तो फोटो आणला नाही, एवढं मला माहीत आहे. कुणी आणला, हे माहीत नाही.